अध्यक्षांचं कडियाळं

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, उभ्या आयुष्यात कोणाला 'नाही' म्हणाले नाहीत. लोक याला स्वभावाचा गोडवा म्हणतात. मी त्यांच्याच घरात राहते, त्यामुळे मला विचाराल तर याला भित्रेपणा म्हणतात. समोरच्याने पांढऱ्याला काळं म्हटलं तर भाऊजी म्हणणार, "आता तुम्ही म्हणता तर तसंच असेल." मग घरी येऊन, बूट काढता काढता, तो माणूस किती आंधळा आहे ते ताईला सांगत बसणार. ताई भाजी चिरत ऐकून घेते. तिच्या संसारातलं निम्मं आयुष्य दुसऱ्यांना सुनवायचे बोल ऐकण्यात गेलं आहे.

त्यांचं काम घोड्यांच्या तोंडाचं. लगामाचा जो लोखंडी भाग घोड्याच्या तोंडात जातो त्याला कडियाळं म्हणतात. घोड्याला पाहून ते निवडायचं, नसेल तर घडवायचं आणि नीट बसवायचं, हा भाऊजींचा धंदा. घोडेस्वारीच्या क्लबात, तबेल्याच्या मागे त्यांची कार्यशाळा आहे. एक भट्टी, एक ऐरण, खिळ्यांनी भरलेली भिंत आणि त्या खिळ्यांवर टांगलेली कडियाळी. कार्यशाळेला लागून दोन खोल्या, आणि त्यांत आम्ही तिघं: भाऊजी, ताई आणि मी. मी चामड्याचे पट्टे शिवते. माझं लग्न झालं नाही. भाऊजी पाहुण्यांना सांगतात, "हिच्या मापाचं आमच्याकडे काही निघालंच नाही." मी म्हणते, "तुमचं लग्न जवळून पाहिलं आणि कानाला खडा लावला." पाहुणे हसतात, ताई हसत नाही.

या दोन खोल्या क्लबच्या. नोकरी आहे तोवर छप्पर आहे. ताईच्या मनातून ही गोष्ट कधी जात नाही. भाऊजी बाहेर काही बडबडून आले की ती एवढंच म्हणते, "अहो, या वयात भांडीकुंडी घेऊन जायचं कुठे, ते आधी ठरवा आणि मग बोला." भाऊजी गप्प होतात. तेवढ्यापुरते.

कामात मात्र त्यांना नावं ठेवायला जागा नाही, हे मला नाइलाजाने कबूल करावं लागतं. नवा घोडा आला की ते आधी त्याच्याशी गप्पा मारतात. मालकाला वाटतं, हा माणूस वेळ काढतोय. गप्पा मारता मारता त्यांचा अंगठा घोड्याच्या ओठांच्या कोपऱ्यातून आत गेलेला असतो. पुढचे दात आणि दाढा यांच्या मध्ये घोड्याला दात नसतात, नुसती हिरडी असते. कडियाळं तिथे टेकतं. हिरडीखालचं हाड धारदार आहे की गोल, जीभ जाड आहे की पातळ, टाळू किती खाली आहे, हे सगळं त्या अंगठ्याला कळतं. मग दोरीने तोंडाची रुंदी. कडियाळं रुंद झालं तर तोंडात इकडून तिकडे सरकतं, अरुंद झालं तर ओठ चिमटतात. शेवटी उंची: गालावरचा पट्टा इतकाच आवळायचा की ओठाच्या कोपऱ्यात बारीकशी सुरकुती पडावी. "हसला की बसलं," असं भाऊजी म्हणतात. फार हसला तर पट्टा सैल करायचा.

थंडीच्या दिवसांत लोखंड गार पडतं, म्हणून घोड्याच्या तोंडात घालायच्या आधी ते कडियाळं स्वतःच्या काखेत धरून ऊब देतात. ही माया मला मान्य आहे. पण संध्याकाळी तेच कडियाळं आमच्या कपबश्यांच्या टोपलीत धुवायला पडलेलं असतं, ते मान्य नाही. त्यावरून आमच्या घरात जितकी भांडणं झाली तितकी दुसऱ्या कशावरून झाली नसतील.

आता क्लबविषयी. क्लबातले सभासद मोठी माणसं. एक बाई डॉक्टर, एक गृहस्थ सिमेंटवाले, आणि अध्यक्ष पंख्यांचे घाऊक व्यापारी. घोड्यावर बसायला येतं असं यांच्यातल्या फारच थोड्यांबद्दल म्हणता येईल. बाकीचे घोड्यावर ठेवलेले असतात. तोल गेला की माणूस हाताशी असेल त्याला धरतो, आणि यांच्या हाताशी लगाम असतो. त्यामुळे आमच्याकडचे घोडे दिवसभर थांबण्याचे आणि निघण्याचे हुकूम एकाच वेळी ऐकतात आणि त्यातल्या त्यात बरा वाटेल तो पाळतात.

अशा क्लबात कडियाळ्याची प्रतिष्ठा कशी वाढत गेली कोणास ठाऊक. नवा सभासद आला की त्याच्या घोड्याला साधी कडी. जरा जुना झाला की कडीला बोटभर लांबीचे दांडे. कार्यकारिणीवर गेला की वीतभर. हे दांडे घोड्याच्या तोंडाच्या दोन्ही बाजूंनी खाली लोंबतात. लगाम त्यांच्या खालच्या टोकाला बांधला की लगामाच्या छोट्याशा ओढीचा तोंडात मोठा दाब होतो. हनुवटीखाली साखळी असते, तीही आवळते. दांडा जितका लांब तितकं कडियाळं कडक, आणि कडियाळं जितकं कडक तितका घोडा अवखळ असणार, आणि घोडा जितका अवखळ तितका स्वार पट्टीचा. असा हा हिशेब. सिमेंटवाले कार्यकारिणीवर गेले त्या दिवशी त्यांनी मिठाई वाटली नाही की भाषण केलं नाही, सरळ कार्यशाळेत येऊन म्हणाले, "मिस्त्री, माझे दांडे वाढवा."

"होय साहेब," भाऊजी म्हणाले.

आणि इथेच भाऊजींची सगळी लबाडी आहे. त्यांनी दांडे वाढवले. चकचकीत, लांबून दिसतील असे. पण ते दांडे कडियाळ्याला घट्ट जोडलेच नाहीत. खिटीवर मोकळे ठेवले, दार बिजागरीवर फिरतं तसे. गालावरचा पट्टा दांड्याला न लावता आतल्या कडीला लावला. साखळीही तिथेच. लगाम ओढला की दांडा नुसता मागे वळायचा, बस. तोंडात पोचायची ती हाताची ओढ, तेवढीच, एका तिळानेही जास्त नाही. साखळी छान खुळखुळायची पण आवळायची नाही. आणि तोंडातला भाग, जो कोणाला दिसत नाही, तो जाड, गुळगुळीत, जिभेपुरता किंचित वर उचललेला. बाळाच्या तोंडात द्यावं इतकं सौम्य काम.

कार्यकारिणीचा एकेक सभासद असं दिखाऊ कडक कडियाळं घेऊन गेला. अध्यक्षांचं तर दीड वीत लांबीचं. सगळे खूश. घोडे सगळ्यांत जास्त खूश, पण त्यांना विचारतो कोण.

मी एकदा म्हटलं, "भाऊजी, तुम्ही यांना सरळ का नाही सांगत, की दोष हातात आहे?"

"मेहुणीबाई, पंखे विकून मोठा झालेल्या माणसाला त्याचे हात वाईट आहेत असं सांगायचं? मग मी या खोल्यांत राहायचं की झाडाखाली?"

"म्हणजे फसवायचं?"

"फसवलं कुठे? दांडे मागितले, दांडे दिले."

यामागचं कारण मला ताईने सांगितलं. भाऊजींचे वडील घोडागाडी चालवायचे. गाडीचा घोडा थांबत नाही म्हणून त्यांनी त्याच्या तोंडात पिळाच्या तारेचं कडियाळं घातलं होतं. एका गर्दीच्या दिवशी त्याची जीभ कापली. घरी आल्यावर घोड्याने बादलीत तोंड घातलं आणि सगळं पाणी लाल झालं. तहान लागलेली, पण पिता येईना. ती बादली भाऊजींनी भरली होती, वय लहान होतं. ही गोष्ट बडबड्या भाऊजींनी बायकोला लग्नानंतर एकदा सांगितली आणि पुन्हा कधी काढली नाही. मला त्यांच्याबद्दल वाईट वाटलं, आणि मग त्याच दिवशी कपबश्यांत कडियाळं सापडलं म्हणून रागही आला.

अध्यक्षांचा घोडा पांढराशुभ्र आणि वयस्कर. सगळे त्याला म्हातारा म्हणतात. म्हाताऱ्याला थांबायला आवडतं. गवताची गंजी दिसली, थांबतो. ओळखीचं कोणी दिसलं, थांबतो. अध्यक्षांनी दीड वितीच्या दांड्यांचा लगाम नुसता हातात घेतला तरी थांबतो, कारण घोड्याला अध्यक्षांचा अनुभव दांडगा. अध्यक्ष खाली उतरून म्हणायचे, "बघितलंत? वाघासारखं जनावर, पण कडियाळ्याला भितं." भाऊजी बाजूला उभे राहून मान डोलवायचे. हरभऱ्याच्या झाडावर चढवायचं तर भाऊजींनी चढवावं; शिडीसुद्धा तेच धरतात.

हे असंच चाललं असतं. पण रस्त्यावरून जाणाऱ्या कोणा सज्जनाने ते लांबलचक दांडे पाहिले आणि त्याच्या अंगावर शहारे आले. त्याने प्राण्यांच्या छळाविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेकडे तक्रार केली, की या क्लबात घोड्यांच्या तोंडात सळया घालतात. संस्थेने तपासनीस बाई पाठवायचं ठरवलं.

क्लबात खळबळ उडाली असं कोणी सांगितलं तर खरं मानू नका. अध्यक्ष उलट फुलून आले. "येऊ दे बाईंना. शिस्त म्हणजे काय ते त्यांनाही कळू दे," असं ते सगळ्यांना सांगत फिरत होते. खळबळ उडाली ती आमच्या दोन खोल्यांत. बाईंना कडियाळी क्रूर वाटली तर ज्याने बनवली त्याच्या नावाने खापर फुटणार. आणि बाईंनी कडियाळं हातात घेऊन नीट पाहिलं तर दांडे खोटे आहेत हे उघडं पडणार, आणि कार्यकारिणीला आपण इतकी वर्षं शोभेच्या वस्तू मिरवत होतो हे कळणार. दोन्हीकडून छप्पर जाणार. भाऊजींनी हातपाय गाळले. ताईने माळ्यावरच्या ट्रंका खाली काढून पुसून ठेवल्या. त्या ट्रंका जेवताना आमच्या समोर असायच्या.

तपासनीस बाई आल्या त्या दिवशी ऊन होतं. सगळे सभासद मैदानाच्या कडेला कडक इस्त्रीच्या कपड्यांत उभे. बाई किरकोळ, चष्मा लावणाऱ्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी एकेका घोड्याचे ओठ उचलले, कोपरे पाहिले, हिरडीवरून बोट फिरवलं. त्यांच्या कपाळावर आठी पडली. मला वाटलं, संपलं. पण त्या म्हणाल्या, "तोंडं तर निरोगी आहेत. एकही जखम नाही. मला कळत नाही."

एवढ्यावर गप्प बसले असते तर ते अध्यक्ष कसले. त्यांनी म्हाताऱ्याचं कडियाळं सोडवून आणलं आणि बाईंच्या समोर धरलं. "बाई, याला म्हणतात शिस्त. हे नुसतं ओढलं तर हत्ती थांबेल. जखम होत नाही ती माझ्या हाताच्या अंदाजामुळे."

बाईंनी कडियाळं हातात घेतलं. दांडा हलवून पाहिला. पुन्हा हलवून पाहिला. माझ्या शेजारी भाऊजी उभे होते, त्यांच्या श्वासाचा आवाज मला ऐकू येत होता.

"हात पुढे करा," बाई अध्यक्षांना म्हणाल्या.

"कोणाचा?"

"तुमचा. बाही वर करा. घोड्याला काय वाटतं ते आपल्याला असंच कळतं."

सगळे बघत होते. अध्यक्षांनी बाही वर केली. बाईंनी कडियाळं त्यांच्या मनगटावर आडवं ठेवलं, साखळी खालून लावली आणि दोन्ही लगाम हातात घेतले. अध्यक्षांनी डोळे मिटले. बाईंनी ओढायच्या आधीच ते "आई गं" म्हणाले. मग बाईंनी ओढलं. दांडे मागे वळले, साखळी खुळखुळली, आणि काही झालं नाही. बाईंनी आणखी जोरात ओढलं. अध्यक्षांनी एक डोळा उघडला.

डॉक्टरीणबाई आपल्या घोड्याच्या दांड्यांकडे बघत होत्या. सिमेंटवाले आपल्या. अध्यक्षांची नजर फिरत फिरत भाऊजींवर येऊन थांबली.

"इतकं सौम्य कडियाळं मी आजवर पाहिलं नाही," तपासनीस बाई म्हणाल्या. "हे मुद्दाम असं केलं आहे का?"

पंख्यांचा धंदा माणसाला वारा ओळखायला शिकवत असावा. अध्यक्षांनी बाही खाली केली, बटण लावलं, आणि घसा साफ करून म्हणाले, "अर्थात मुद्दाम. हे आमचं धोरणच आहे. बाहेरून शिस्त, आतून माया. मी पहिल्यापासून आग्रहाने हेच सांगत आलो आहे. काय मिस्त्री?"

"होय साहेब," भाऊजी म्हणाले. "तुमच्याच सांगण्यावरून."

टाळ्या पडल्या. सगळ्यांत मोठ्याने सिमेंटवाल्यांनी वाजवल्या. पुढे वर्तमानपत्रात अध्यक्षांचा फोटो आला, बाही वर केलेला. खाली भाऊजींचं नाव नव्हतं, पण त्यांचा कोपर आला होता. ताईने ट्रंका पुन्हा माळ्यावर टाकल्या आणि आमचा जीव भांड्यात पडला.

मग वारं उलटं वाहू लागलं. आता लांब दांडे मिरवायची सोय राहिली नाही. सभासद एकेक करून कार्यशाळेत येऊन "हे काढून टाका हो, मला पहिल्यापासूनच पटत नव्हतं," म्हणू लागले. कडी जितकी लहान तितका माणूस दयाळू, आणि जितका दयाळू तितका मोठा. डॉक्टरीणबाईंनी तर दिसणारच नाही इतकी लहान कडी मागितली. भाऊजींनी सगळ्यांना "होय" म्हटलं. मी त्यांचे पट्टे आखूड करून दिले. या लोकांना घोड्याच्या तोंडाशी काही देणंघेणं आधीही नव्हतं आणि आताही नाही, याचा मला भयंकर संताप यायचा, पण संतापाने टाके वाकडे पडतात म्हणून मी गप्प शिवत बसायचे.

अध्यक्षांचं मात्र बिनसलं. ज्या कडियाळ्याच्या भरवशावर ते घोड्यावर निवांत बसायचे, ते खोटं होतं हे आता त्यांना कळलं होतं. भरवसा गेला तशी भीती आली, आणि भीती आली तसे ते लगाम खेचू लागले. उगीच, सारखे, दोन्ही हातांनी. म्हातारा बिचारा मान झटकू लागला. थांब म्हटलं की मागे सरकायचा, चल म्हटलं की तोंड वर करायचा. एका सकाळी त्याने मान अशी झटकली की अध्यक्ष कुंपणाच्या पलीकडे डॉक्टरीणबाईंच्या पायाशी जाऊन बसले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हे धोरण आहे का?"

दुसऱ्या दिवशी दुपारी अध्यक्ष कार्यशाळेत आले आणि दार लावून घेतलं. मी कोपऱ्यात पट्टा शिवत होते. मला त्यांनी पाहिलं नाही किंवा मोजलं नाही.

"मिस्त्री, इतके दिवस म्हातारा थांबत होता तो कशामुळे?"

"साहेब, तुमच्या हाताचं वजनच तसं."

अध्यक्ष क्षणभर खुलले, पण कुंपण त्यांना अजून दुखत होतं. "ते असो. आता मला खरं कडियाळं हवं. खरं म्हणजे खरं. बाहेरून साधी लहान कडी, वरून चामडं चढवलेलं, सगळ्यांच्या कड्यांसारखं मऊ दिसणारं. आतून पीळ दिलेली तार. कळलं?"

भाऊजींच्या हातातली कानस थांबली.

"आणि हे बघा," अध्यक्ष दाराशी जाऊन म्हणाले, "तुम्ही मला सगळ्यांसमोर उघडं पाडलंत ते मी विसरलेलो नाही. या वेळी लबाडी केलीत तर मला नवा मिस्त्री बघावा लागेल. त्याला राहायला खोल्याही लागतील."

"होय साहेब," भाऊजी म्हणाले.

त्यानंतर भाऊजी बोलायचे बंद झाले. मी त्यांना तापात बडबडताना ऐकलं आहे, झोपेत घोड्यांशी गप्पा मारताना ऐकलं आहे. गप्प कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी तार काढली, तापवली, पीळ दिला, थंड केली. वरून चामडं चढवलं, आणि ते इतकं पातळ घेतलं की पिळाची धार बोटाला लागावी. शिवायला त्यांनी ते माझ्याकडे दिलं नाही, स्वतःच शिवलं. दिसायला ते सगळ्या कड्यांसारखंच होतं, साधं, गरीब.

मी म्हटलं, "भाऊजी, हे खरंच द्यायचं आहे?"

"तुला छप्पर नको आहे का?"

मलाही छप्पर हवंच होतं, आणि ते हवं आहे म्हणून मला स्वतःची चीड आली. मी ताईकडे पाहिलं. तिच्याकडून मला काही आशा नव्हती. आयुष्यभर तिने हेच सांगितलं होतं, की बोलू नका, वाकडं जाऊ नका, भांडीकुंडी घेऊन जायचं कुठे.

सकाळी चहाच्या वेळी ते कडियाळं मेजावर कपबश्यांच्या शेजारी पडलेलं होतं. भाऊजी ते अध्यक्षांना द्यायला निघणार होते. ताईने चहा गाळला, गाळणं बाजूला ठेवलं, हात पुसले आणि कडियाळं उचललं. ती भाऊजींच्या समोर बसली.

"हात पुढे करा," ती म्हणाली.

"अगं, चहा..."

"करा."

भाऊजींनी हात पुढे केला. ताईने बाही वर सारली, कडियाळं मनगटाच्या वर आडवं ठेवलं, दोन्ही टोकांना दोरी अडकवली आणि ओढलं. हळू नाही ओढलं. अध्यक्ष ओढतात तसं ओढलं, झटक्याने, पुन्हा पुन्हा. भाऊजी खुर्चीवरून अर्धे उठले. त्यांच्या तोंडून आवाज फुटला नाही, फक्त डोळ्यांत पाणी आलं. ताईने ओढायचं थांबवलं तेव्हा हातावर पिळाची रेघ उमटली होती, लाल, एका जागी कातडी सोललेली.

"तुम्हाला तरी बोलता येतं," ताई म्हणाली. "सांगा, कसं लागलं?"

ताईने ते कडियाळं घेतलं, शेगडीवरच्या खिळ्याला टांगलं आणि कप त्यांच्या पुढे सरकवला. "चहा निवतोय," ती म्हणाली. मग स्टूल ओढून तिने माळ्यावरच्या ट्रंका खाली काढल्या, आणि पुसायला फडकं माझ्या हातात दिलं. मी तिची धाकटी बहीण असल्याचा मला त्या सकाळी जितका अभिमान वाटला तितका कधी वाटला नव्हता.

भाऊजी चहा न घेता कार्यशाळेत गेले. दिवसभर भट्टी पेटलेली होती. त्यांनी दुसरं कडियाळं केलं. दिसायला हुबेहूब पहिल्यासारखं. आत तार नव्हती. चामड्यावर चामडं, जाड, तेल पाजून मऊ केलेलं, म्हाताऱ्याच्या जिभेच्या मापाचं. शिवायला या वेळी माझ्याकडे दिलं.

ते अध्यक्षांना द्यायला गेले तेव्हा मी पट्टे घेऊन बरोबर होते, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं. भाऊजींनी कडियाळं रुमालात गुंडाळून नेलं होतं. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, रुमाल उघडला आणि आवाज इतका खाली आणला की अध्यक्षांना वाकावं लागलं.

"साहेब, तुम्ही सांगितलं म्हणून केलं. पण हात जोडून सांगतो, जपून. मी माझ्या हातावर करून पाहिलं." त्यांनी बाही वर केली.

अध्यक्षांनी ती रेघ पाहिली. सोललेली कातडी पाहिली. त्यांचा चेहरा उतरला.

"नुसत्या ओढीने?"

"नुसत्या ओढीने. म्हाताऱ्याच्या तोंडात जरा जास्त झटका बसला तर तो सरळ दोन पायांवर उभा राहील, आणि मागे पडला तर तुमच्यासकट पडेल. दोन बोटांनी धरा. धागा धरल्यासारखं. तुटू द्यायचा नाही."

"दोन बोटांनी," अध्यक्ष म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

भाऊजींनी कडियाळं काखेत धरून ऊब दिली, म्हाताऱ्याच्या तोंडात घातलं, पट्टा लावला. ओठाच्या कोपऱ्यात बारीकशी सुरकुती पडली. अध्यक्ष घोड्यावर चढले ते काचेच्या कपाटावर चढावं तसे. दोन बोटांनी लगाम धरला, कोपर अंगाशी, श्वास रोखलेला. म्हातारा थोडा वेळ उभाच राहिला. आता कधी खेचतात याची वाट बघत होता. कोणी खेचलं नाही. मग त्याने मान खाली सोडली, एक मोठा सुस्कारा टाकला आणि चालू लागला. मैदानाला फेरी मारली, वळला, दुडक्या चालीने आला, आणि अध्यक्षांनी बोटं जराशी मिटली तेवढ्याने थांबला. असा की डॉक्टरीणबाई कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"वा," त्या म्हणाल्या. "हात किती हलका झाला तुमचा."

"हात हलकाच असावा लागतो," अध्यक्ष म्हणाले. "मी पहिल्यापासून आग्रहाने हेच सांगत आलो आहे."

त्यानंतर ते नव्या सभासदांना शिकवू लागले. दोन बोटं, धागा, तुटू द्यायचा नाही, सगळं भाऊजींच्या शब्दांत. आणि खरं सांगायचं तर ते चांगलं शिकवायचे, हे मला फार जड जातं लिहायला. म्हातारा त्यांच्याखाली आणखी बरीच वर्षं चालला, आणि म्हातारपणाने, गवत खाता खाता गेला. त्याचं तोंड शेवटपर्यंत कोवळं होतं.

परवा अध्यक्षांनी अध्यक्षपद सोडलं. समारंभाला सगळा क्लब होता. नव्या अध्यक्षांना, म्हणजे सिमेंटवाल्यांना, त्यांनी बाजूला घेतलं, खिशातून रुमालाची गुंडाळी काढली आणि हळूच म्हणाले, "दिसतं मऊ, पण फार कडक आहे. आतून काय आहे ते कोणाला सांगू नका, उघडून पाहू नका, आणि फार जपून." सिमेंटवाल्यांनी ती गुंडाळी दोन बोटांनी धरली. भाऊजी जवळच मान खाली घालून उभे होते. ती लाजेने खाली आहे असं ज्यांना वाटलं त्यांना भाऊजी माहीत नाहीत.

ते घरी आले तेव्हा फुगले होते. बूट काढायच्या आधीच सुरुवात. "काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, एवढं कडक कडियाळं या मिस्त्रीशिवाय दुसऱ्या कोणाला जमायचं नाही."

ताई शेगडीपाशी होती. तिच्या डोक्यावर खिळ्याला ते पहिलं कडियाळं अजून टांगलेलं आहे. ती त्याला कशालाच वापरत नाही, फक्त आठवड्याला पुसते. तिने मागे वळून विचारलं, "मग तुम्ही काय म्हणालात?"

भाऊजींनी एकदा खिळ्याकडे पाहिलं आणि बाही मनगटापर्यंत खाली ओढली.

"म्हटलं, साहेब, तुम्ही म्हणता तर तसंच असेल."